जरा थांबूकर

नवी विंडोज आली की पहिला फोन थांबूकरांना करावा. ती का घेऊ नये याची कारणं त्यांच्याकडे विंडोजच्याही आधी येऊन बसलेली असतात.

थांबूकरांचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, जमलाच तर एखादा दिवाळी अंक. सगळं काम पेजमेकर 7 वर. हे पेजमेकर 2001 सालचं. त्याच्या पुढची आवृत्ती निघालीच नाही. मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की ‘चि. सौ. कां.’च्या जागी कंस, डॉलर आणि उद्गारचिन्हं उमटतात. तेव्हा या माणसाला निव्वळ हट्टी म्हणणं अन्यायाचं होईल. निम्मा हट्टी आहे.

“जरा थांबू. आधी लोकांना घेऊ द्या,” हे त्यांचं ब्रीदवाक्य. 2007 साली व्हिस्टा आली, हे थांबले आणि व्हिस्टाने जगभर शिव्या खाल्ल्या. आपल्याला पुढचं दिसतं, अशी तेव्हापासून त्यांची खात्रीच झाली. 2012 मध्ये विंडोज 8 मधून स्टार्टचं बटण गायब झालं, तेव्हा तर त्यांनी दुकानात येईल त्याला चहा पाजला. मग सिद्धांत मांडला: विंडोज एकाआड एक वाईट निघते. पुढे मायक्रोसॉफ्टने 9 हा आकडाच गाळून थेट 10 काढली आणि पंचाईत झाली. न निघालेली विंडोज चांगली धरायची की वाईट? हा विचार चालू असतानाच 10 फुकट मिळण्याची वर्षाची मुदत संपली.

एक्सपीचा सपोर्ट 8 एप्रिल 2014 ला संपला, तेव्हाचा त्यांचा युक्तिवाद: “एटीएम एक्सपीवरच चालतात की! बँकांना कळत नाही आणि तुम्हाला कळतं?” 2018 साली रिझर्व्ह बँकेनेच एटीएममधून एक्सपी हटवायला जून 2019 ची मुदत घातली, तेव्हा ते रिझर्व्ह बँकेवर रुसले. त्याआधी, मे 2017 मध्ये, वॉनाक्राय जगभरच्या फायलींना कुलूप लावून खंडणी मागत फिरला. थांबूकरांनी एक्सपीच्या मशीनची नेटची वायरच उपटली. ते मशीन अजूनही कोपऱ्यात पेजमेकर चालवतंय. बिलांच्या मशीनवर 7 होती. तिचाही सपोर्ट जानेवारी 2020 मध्ये संपला आणि तिथे 10 आली, तीही भाच्याने रात्री गुपचूप टाकली म्हणून.

14 ऑक्टोबर 2025 ला 10 चाही सपोर्ट संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. भाच्याने तपासलं, तर थांबूकरांचा निघाला सातव्या पिढीचा. आयुष्यभर स्थळं नाकारणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच स्थळाकडून नकार आला. त्या दिवसापासून त्यांना 11 च हवी आहे. “आमच्या मशीनला काय धाड भरलीय?” असं ते पत्रिकेचं प्रूफ बघायला आलेल्या वधुपित्यालाही विचारतात. नवं मशीन घ्या म्हटलं, तर उत्तर तयार: “घेऊ की. 12 येईपर्यंत जरा थांबू.”

त्यांचा सल्ला घेऊ नका, पण बॅकअप त्यांच्यासारखा घ्या: रोज, दोन हार्ड डिस्कवर, आणि त्यातली एक दुकानात न ठेवता घरी.