झोळीला आढं पाहिजे

लोणी भापकरहून आज्जी आली तेव्हा तिच्याबरोबर तीन डाग होते. एकात ज्वारी, दुसऱ्यात गोवऱ्या आणि तिसऱ्यात डिंकाच्या लाडवांच्या डब्याभोवती गुंडाळलेलं एक जुनं इरकली लुगडं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. मोरगाव, जेजुरी, सासवड करत एसटी दिवे घाट उतरली आणि हडपसरच्या गाडीतळावर मी तिला उतरवून घेतलं. रिक्षावाल्यानं गोवऱ्यांच्या पोत्याकडं पाहिलं, मग माझ्या गळ्यातल्या कंपनीच्या ओळखपत्राकडं पाहिलं आणि वीस रुपये जास्त सांगितले.

खरं तर यायची होती आई. पण तिला दोन म्हशी आहेत, आणि त्या दुसऱ्या कुणाला धार काढू देत नाहीत. मुलगा, सून, नातू ही माणसं समजून घेतात, म्हशी घेत नाहीत. म्हणून आज्जी. बायकोचं माहेर भिगवणचं. पहिलं बाळंतपण माहेरचं या नियमानं सासूबाईंनी सव्वा महिना सगळं निगुतीनं केलं आणि एके दिवशी लेक, नातू आणि अळिवाचा डबा आमच्या दारात पोचवून त्या परत गेल्या. त्या रात्री मला पहिल्यांदा कळलं की सव्वा महिना मी बाप नव्हतो, शनिवार-रविवारचा पाहुणा होतो.

रजेचं म्हणाल तर बायकोला कायद्यानं २६ आठवडे. पूर्वी १२ होते, २०१७ साली वाढले. केंद्र सरकारच्या नोकरीत असलेल्या बापाला १५ दिवस मिळतात. खासगी कंपनीतल्या बापाला कायदा ओळखतच नाही, तो कंपनीच्या मर्जीवर. आमच्या कंपनीची मर्जी पाच दिवसांची होती. त्यातले दोन मी दवाखान्याच्या पार्किंगमध्ये जागा शोधण्यात घालवले.

तर आज्जी घरात आली. गावाकडची माणसं फ्लॅट बघायला आली की फरशी बघतात, नळ सोडून बघतात, बाल्कनीतून खाली वाकतात. आज्जीनं यातलं काहीच केलं नाही. ती वर बघत हॉलमधून स्वयंपाकघरात, तिथून बेडरूममध्ये, तिथून परत हॉलमध्ये आली. मला वाटलं, छताला केलेली पांढरी नक्षी आवडली. बिल्डरनं तिचे वेगळे पैसे घेतले होते, त्यामुळे कुणीतरी वर बघावं अशी माझीही इच्छा होती.

"आढं कुठंय रं?" आज्जी म्हणाली.

"आढं नसतं इथं आज्जी. स्लॅब आहे."

"मग कडी?"

"कडी पण नाही. पंखा आहे."

ती पलंगावर बसली, लुगडं मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "साठ लाखाचं घर घेतलंस, आन् लेकरू टांगाया जागा न्हाई."

गृहकर्जाच्या कागदांवर मी ७८ सह्या केल्या होत्या. एकाही कागदानं हा प्रश्न विचारला नव्हता.

आमचं बाळ झोपत नसे, हे आता सांगायला हवं. म्हणजे पुस्तकाप्रमाणे ते झोपत होतं. एवढं लहान मूल दिवसाचे पंधरा-सोळा तास झोपतं असं डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि बेरीज केली तर तेवढे भरतही. बायकोच्या मोबाइलमध्ये त्यासाठी अॅपच होतं. किती वाजता प्यायलं, किती वेळ झोपलं, कितव्यांदा लंगोट बदलला, सगळ्याचा रंगीत आलेख. पण ते सोळा तास सुट्ट्या पैशांसारखे होते. एकरकमी कधी मिळायचे नाहीत.

त्यावर बायकोनं उपाय शोधला होता. पोटात असताना बाळाला सतत सळसळ ऐकू येते, बाहेरच्या शांततेत ते बिचकतं, म्हणून त्याला एकसुरी आवाज ऐकवायचा. मोबाइलवर असे आवाज मिळतात. वॉशिंग मशीन, समुद्र, हेअर ड्रायर, आगगाडी. आमच्या चिरंजीवांनी समुद्र नाकारला, आगगाडी नाकारली आणि पाऊस पसंत केला.

आज्जी आली त्या पहिल्याच रात्री, अकराच्या सुमारास, बायकोनं पाऊस लावला. आज्जी हॉलमध्ये झोपली होती. ती ताडकन उठली आणि लुगड्याचा काचा सावरत बाल्कनीकडं पळाली. दिवसा बायकोनं हौसेनं घातलेल्या कुरडया तिथं होत्या. काळोखात तिनं कुरडयांचं प्लास्टिक चारी टोकांनी गोळा केलं, आत आणलं, आणि मग हात बाहेर काढून उभी राहिली. हात कोरडा. आवाज मात्र चालू.

इथं थोडं गावाबद्दल सांगतो. तालुका बारामती, आणि बारामती म्हटलं की पुण्यातले लोक उसाच्या गोष्टी करतात. माझ्या ऑफिसात तर माझी दहा एकर उसाची बागायत आहे असं ठरूनच गेलंय, आणि पार्टीचं बिल त्या हिशेबानं माझ्याकडं सरकवलं जातं. ऊस आहे तो नीरा डाव्या कालव्याच्या खाली. इंग्रजांनी १८८५च्या सुमारास तो कालवा काढला तेव्हा पाण्यानं उताराची वाट धरली, आणि आम्ही चढाला राहिलो. मोरगाव, सुपे, लोणी भापकर हा सगळा जिरायत पट्टा. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही पत्ता विचारत विचारत येणारा. अशा गावच्या बाईला रात्री अकरा वाजता, चैत्रात, धो-धो आवाज ऐकू आला तर तिनं काय करावं?

मी मोबाइल दाखवला. तिनं तो कानाला लावला, बराच वेळ ऐकला. "चांगला लागलाय," म्हणाली. "हितं मोबाइलात पडतोय, आन् आमी तिकडं आभाळाकडं बघतोय." तेवढ्यात पावसात जाहिरात लागली. विम्याची. बाळ दचकून उठलं, ते दोन वाजेपर्यंत.

दुसऱ्या दिवसापासून झोळीची मोहीम सुरू झाली. स्लॅबला हूक मारायचा तर सोसायटीची लेखी परवानगी, ड्रिल फक्त शनिवारी, आणि छतातून कुठली वायर कुठं गेलीय हे बिल्डरलाही आठवत नव्हतं. बाल्कनीच्या ग्रिलला बांधायला बायको तयार नव्हती. सातवा मजला. पंख्याच्या हुकाचं मी नाव काढलं तेव्हा दोन्ही बायकांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी ज्वारी निवडायला बसलो. बाजारात स्टीलचा स्टँड मिळतो, तो मागवला. आज्जीनं तो एका हातानं हलवला, तो तिच्याबरोबर हॉलभर चालू लागला. परत पाठवला.

लुगड्याची घडी घालता घालता तिनं मग बहात्तरच्या दुष्काळाची गोष्ट सांगितली. तशी ती आमच्याकडं दर लग्नात, दर मयताला सांगितली जाते, पण यावेळी तिचा रोख वेगळा होता. माझे वडील तेव्हा सात-आठ महिन्यांचे. आज्जी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. बांधावरच्या बाभळीला हेच लुगडं बांधून त्यात वडिलांना टाकायची. दुपारी सुकडी मिळायची, ती खायला बाया हातोड्या खाली ठेवायच्या.

"आन् हातुडी थांबली की उठायचा बग तुझा बाप. शंभर बाया खडी फोडीत्यात तवर गाढ. सुकडीची सुट्टी झाली की भोंगा."

"आणि मी?"

"तू टँकरवर. टँकर वाजला की जागा. पर त्याला इलाज न्हवता, समदं गावच जागं व्हायचं."

बायको हसायला लागली. आज्जीनं मग माझ्या लॅपटॉपकडं हनुवटीनं खूण केली. "तुझं काम आवाज करत न्हाई रं. बाप कामावर हाय का मोबाइल बगत बसलाय, लेकराला कळावं कसं?"

हा प्रश्न माझ्या मॅनेजरलाही पडतो, पण इतक्या नेमक्या शब्दांत त्याला तो मांडता आलेला नाही.

झोळीचा प्रश्न शेवटी माझ्या पुरुषार्थानं सोडवला. लॉकडाऊनमध्ये, सगळ्यांचं डोकं फिरलं होतं तेव्हा, मी बेडरूमच्या दाराच्या चौकटीत स्क्रू मारून एक लोखंडी बार बसवून घेतला होता. लोंबकळून छाती वर न्यायची, असा तो व्यायाम. एकूण चार वेळा नेली. पाचव्यांदा बायकोनं बघितलं आणि मी तो नाद सोडला. तेव्हापासून त्यावर ओले टॉवेल असायचे. आज्जीनं टॉवेल काढले, बार दोन्ही हातांनी ओढून बघितला, लुगडं बांधलं आणि त्यात वीस किलो ज्वारीचं पोतं ठेवून दिवसभर तसंच लटकत ठेवलं. संध्याकाळी गाठ तपासली, कोपरापर्यंत हात घालून तळ तपासला. वीस किलो ज्वारी झोपली. मग आमचे पाच किलो.

बायकोच्या अटी होत्या. फक्त दिवसा, कुणीतरी शेजारी बसलेलं असतानाच, रात्री सपाट गादीवर. डॉक्टरांचं तसं म्हणणं होतं आणि आज्जीनंही ते मान्य केलं, कारण रात्री तिला स्वतःला झोपायचं होतं. पण एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नव्हती. आमच्या घरातलं वापरातलं एकमेव न्हाणीघर त्या बेडरूमच्या आत आहे. झोळी दारात. म्हणजे ज्याला जायचं त्यानं झोळीखालून रांगत जायचं आणि रांगत परत यायचं. गॅसवाला तपासणीला आला, रांगला. भिगवणहून सासरे आले, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, ते हॉलमध्येच बसून राहिले आणि चहा नको म्हणाले. घरात सगळ्यांत आधी रांगायला बाळ शिकतं असं मी ऐकलं होतं. आमच्याकडं ते सगळ्यांत शेवटी शिकलं.

झोपला मात्र. खाली सोलापूर रस्ता, पीएमपीच्या बसचे ब्रेक, वरच्या मजल्यावर कुकरच्या शिट्ट्या, सकाळी घंटागाडीचं गाणं, आणि समोर तीन इमारतींचं एकदम चाललेलं बांधकाम. या सगळ्यात चिरंजीव इरकली लुगड्यात गाढ. अॅपवर पहिल्यांदा दोन तास वीस मिनिटांचा सलग निळा पट्टा उमटला. बायकोनं तो फॅमिली ग्रुपवर टाकला. चुलत्यानं अंगठा दाखवला आणि विचारलं, हे कशाचं मार्केट आहे, कांद्याचं का?

सातव्या महिन्यात जावळ काढायला गावी नेलं. काळभैरवनाथापुढं, मामाच्या मांडीवर, रीतीप्रमाणे. मामानं घट्ट धरलं होतं तरी त्यानं न्हाव्याच्या हातातून वस्तरा मागितलाच. मग गोटा झालेलं ते डोकं घेऊन मी गाव दाखवायला निघालो. मल्लिकार्जुनाचं देऊळ, पुढची पुष्करणी, दगडी यज्ञवराह. वराहाच्या अंगाला हात लावून बघायचा होता त्याला, आणि जमल्यास चाटूनही. देवळांच्या आवारात वीरगळ आहेत, लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे दगड. ते खालून वर वाचायचे. तळाच्या चौकटीत वीर आडवा पडलेला, वर लढाई, त्याच्या वर अप्सरा त्याला स्वर्गात नेतायत, आणि सगळ्यांत वर तो शंकरापुढं हात जोडून बसलेला, डोक्यावर चंद्र-सूर्य. लहानपणी त्यांच्यावर बसून बोरं खाल्ली होती, तेव्हा काही वाटलं नव्हतं. आता त्या खालच्या चौकटीकडं पाहिलं आणि ओळख पटली. पहाटे तीन वाजता मी असाच असतो. लढाईही रोजची. अप्सरांचं काम आमच्याकडं आज्जी करते, "जा, घटकाभर पड," म्हणून. हात जोडायची चौकट तेवढी सोमवारी ऑफिसात येते.

बायकोची अट तेवढ्यापुरती बाजूला ठेवून रात्री झोळी बांधली. यावेळी खऱ्या आढ्याला, जुन्या घरात, बाभळीच्या. त्या आढ्याची कडी वडिलांची, चुलत्यांची, माझी, सगळ्यांचं वजन पेललेली. आज्जीनं लुगडं बांधलं आणि माझ्याकडं बघितलं. ते बघणं साठ लाखांचं होतं.

दिवे घालवले. लोणीतली रात्र म्हणजे लांब कुठंतरी एखादं कुत्रं, बास. बायको कुजबुजली, "किती शांत आहे ना." तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत झोळीतून भोंगा सुरू झाला.

साडेनऊ झाले, दहा झाले. पाठीवर थोपटलं, ओव्याचा शेक दिला, मीठ-मोहरी-मिरच्यांनी दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका कुणालाच लागला नाही, म्हणजे दृष्ट होती असा निकाल लागला. पाऊस लावायला मोबाइल काढला तर रेंज नाही. चुलीपुढं बसलेल्या आईनं कूकर रिकामाच चढवून बघितला, तीन शिट्ट्यांपुरती शांतता मिळाली. चुलते अंगणातून म्हणाले, "मोटार चालू करू का?" पण विहिरीत पाणी नव्हतं, मोटार जळाली असती. मग ते गोठ्याकडं गेले आणि त्यांनी कडबाकुट्टी यंत्र सुरू केलं.

ज्यांनी ते ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. हडपसरच्या तीन बांधकामांचा आवाज एका पत्र्याच्या डब्यात भरून हलवला तर जवळपास तसा होतो. आख्खी वाडी उठली असणार. चिरंजीवांनी एक लांब श्वास सोडला, मूठ उघडली आणि ते झोपले.

यंत्र बंद केलं, डोळे उघडले. चालू केलं, मिटले. आता नुसतंच यंत्र कसं फिरवायचं म्हणून चुलते पेंढ्या घालत राहिले. गोठ्यातल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. इतक्या रात्री, इतकं, कधी मिळालं नव्हतं. एक वाजेपर्यंत कुट्टीचा ढीग गव्हाणीबाहेर आला.

आज्जी अंथरुणावरून म्हणाली, "आज्याचं खडीवर, बापाचं टँकरवर. झोपू दे."

सकाळी निघताना चुलत्यांनी गाडीत भाजी ठेवली, ज्वारी ठेवली, दुधाची बाटली ठेवली, आणि खिडकीतून वाकून मला म्हणाले, "पुढच्या बारीला येताना दोनशे पेंढी कडबा बरोबर घेऊन ये. शेकड्याला काय भाव चाललाय, ठाव हाय का?"