अश्रूंची वर्गवारी कशी करावी

आवडत्या अ‍ॅनिमेची दृश्यं कापून आवडत्या गाण्यावर बसवायची, म्हणजे एएमव्ही करायचा, असं मनात आलं की आधी घरच्यांना कल्पना द्यावी. मालिका ‘नारुतो’ असेल तर लेखी द्यावी. मूळ मालिकेचे 220 भाग, पुढच्या ‘शिप्पूदेन’चे 500. सुरुवातीचं-शेवटचं गाणं आणि मागच्या भागाची उजळणी वगळून भागाला वीस मिनिटं धरली, तरी सलग दहा दिवस आणि दहा रात्री होतात. यात जेवण धरलेलं नाही.

तरीही सगळं पुन्हा पाहावंच लागतं. ‘मला पाठ आहे’ म्हणणाऱ्याच्या व्हिडिओत हमखास तोच झोका येतो, शाळेबाहेर एकटा बसलेला छोटा नारुतो. त्या झोक्यावर आजवर इतकी दुःखी गाणी लादली गेली आहेत की फांदी अजून शाबूत कशी, याचं नवल वाटतं. सुज्ञाने फिलरकडे वळावं. मूळ मालिकेत 136व्या भागापासून जवळजवळ शेवटपर्यंत मांगात, म्हणजे मूळ चित्रकथेत, नसलेल्या कथा आहेत. चाहते त्यांना नावं ठेवतात आणि पुढे ढकलतात, म्हणूनच तिथला पाऊस, तिथली पळापळ कुणी पाहिलेली नसते. असा न उष्टावलेला माल दुसरीकडे मिळायचा नाही.

माल स्वच्छ हवा. तळाशी सबटायटल छापलेली प्रत घेऊ नये. ‘झूम करून अक्षरं बाहेर घालवू’ असं म्हणणारे भेटतात. त्यांच्या व्हिडिओत अक्षरं जातात, सोबत हनुवट्याही जातात. कोपऱ्यात वाहिनीचा शिक्का असेल तर तो विरहाच्या कडव्यातही ढळत नाही.

सर्वांत अवघड प्रश्न तोंडांचा. पात्र बोलत असतं आणि वर गाणं तिसरंच काही सांगत असतं. म्हणून पाठमोरी माणसं, दूरची माणसं, दातओठ खाणारी माणसं गोळा करावीत. या बाबतीत मालिकेतल्या काकाशीचे उपकार मानावे तेवढे थोडे. नाकापासून खाली मुखवटा असल्यामुळे तो गप्प आहे की व्याख्यान देतोय, हे गाण्याला सहसा कळत नाही. शिनोची उंच कॉलरही कामाला येते, पण शिनोवर व्हिडिओ करणारा अजून माझ्या पाहण्यात नाही.

आता फोल्डर. पात्रांच्या नावाने केलेले फोल्डर नवशिक्याचे. जाणता क्रियेने लावतो: पळणे (डावीकडून), पळणे (उजवीकडून), वळून पाहणे, केस उडणे. दिशा नोंदवावीच, नाहीतर सूड घ्यायला निघालेला सासुके पुढच्याच शॉटमध्ये घरी परतताना दिसतो. अश्रूंचे पोटविभाग करावेत: डोळ्यांत तरळलेले, गालावर आलेले, पावसामुळे संशयास्पद. पळता पळता रडणाऱ्याला दोन्हीकडे ठेवावं. ‘संकीर्ण’ नावाचा फोल्डर उघडू नये. उघडणारच, पण उघडू नये.

गाण्यात पाऊस आला की पडद्यावर पाऊस, हृदय आलं की छातीवर हात, हा प्रकार मात्र शाळेच्या स्नेहसंमेलनाला शोभतो. खरी गंमत उलटं बसवण्यात. 1982मध्ये जिम कपोस्तास या अमेरिकन तरुणाने दोन व्हीसीआर जोडून ‘स्टार ब्लेझर्स’मधली मारधाड निवडून काढली आणि ती प्रेमाचा महिमा गाणाऱ्या बीटल्सच्या गाण्यावर बसवली. पहिला एएमव्ही म्हणून त्याचंच नाव घेतात. ही खोडी पहिल्याच माणसाला सुचली होती; नंतरच्यांनी लिंकिन पार्क लावून मारामारीवर मारामारीच बसवली.

एक तांत्रिक पथ्य. टाइमलाइन बांधून झाल्यावर फोल्डरचं नाव सुधारण्याची हुक्की येते. ती आवरावी. न आवरल्यास प्रीमियर हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर क्लिपांच्या जागी लालभडक पाटी लावतं. तेव्हा घाबरून न जाता फोल्डरचं जुनं नाव आठवावं. बहुधा ते ‘नवीन फोल्डर (3)’ असतं.