दोन्ही बाजूंनी सुलट

१९८७ साली अमेरिकेतल्या हॅस्ब्रो कंपनीनं एक खेळणं बाजारात आणलं. ट्रान्सफॉर्मर्स नावाच्या यंत्रमानवांच्या फौजेतला हा एक गडी. फौजेतले बाकीचे बहुतेक दोन रूपांत राहतात. दुमडून बसवले की मोटार नाहीतर विमान, उलगडले की हातपायवाला यंत्रमानव. या गड्याला आणखी एक रूप होतं. मोटार उलगडली की तो पंच, म्हणजे ऑटोबॉट, सज्जनांच्या पक्षाचा. त्याला पाठमोरा करून थोडी जुळवाजुळव केली की काउंटरपंच, म्हणजे डिसेप्टिकॉन, दुर्जनांच्या पक्षाचा. धंदा हेरगिरीचा. दुर्जनांत दुर्जन होऊन राहायचं आणि तिथल्या बातम्या सज्जनांना पोचवायच्या. आणि दुखणं असं, की सोंग इतकं बेमालूम वठायला लागलं की आपण मुळात कोण, हेच बिचाऱ्याला कळेनासं झालं.

ही हकिगत मला भाच्यानं सांगितली. तो गंभीर होता. मला मात्र भलतेच प्रश्न पडायला लागले. याची हजेरी कुठल्या वहीत लागते? दोन्ही फौजांची लढाई जुंपली की हा कुणाकडून मार खातो? दोन्हीकडून खात असणार, कारण मधल्या माणसाचं आजवर दुसरं काही झालेलं नाही. आणि हेर म्हणून इतकी वर्षं राबून बढती मिळालीच, तर ती पंचची की काउंटरपंचची? भाचा म्हणाला, ‘‘मामा, तुला सिरियसली घेताच येत नाही काही.’’

खरं म्हणजे मी गंभीरच होतो. या फौजेची जन्मकथा वाचली तेव्हा जास्तच झालो. यातली सुरुवातीची बरीचशी खेळणी जपानच्या टाकारा कंपनीची. तिथं त्यांच्यात आजचे हे दोन पक्ष नव्हतेच. डायाक्लोन नावाच्या मालिकेत तर ती माणसांनी आत बसून चालवायची यंत्रं होती. १९८४ साली ती अमेरिकेत आली आणि तिथं त्यांना नवी नावं, नवे स्वभाव आणि छातीवर पक्षाचं चिन्ह मिळालं. म्हणजे आपण जन्मजात सज्जन, असं जे त्यातल्या काहींना वाटतं, ते कारखान्यातून निघाल्यावर चिकटवलेलं आहे. एकट्या पंचला चिन्हं दोन मिळाली, म्हणून तो अस्वस्थ. बाकीचे एकावर निवांत झोपतात.

आपल्याकडं रूप पालटणाऱ्यांची ददात कधीच नव्हती. शिवाजी महाराजांच्या हेरखात्याचे प्रमुख बहिर्जी नाईक. लोककथांत ते कधी फकीर होतात, कधी भिकारी, कधी गारुडी, आणि १६६४ च्या सुरतेच्या स्वारीआधी तिथली खडान्‌खडा बातमी घेऊन येतात. त्यांची समाधी आमच्या सांगोल्याच्या पलीकडं, सांगली जिल्ह्यातल्या बाणूरगडावर दाखवतात. रात्री फकिराची कफनी उतरवताना नाईक ‘मी खरा कोण?’ म्हणून थबकले, असं कुठल्या बखरीत नाही. दुसऱ्या दिवशीचं सोंग तयार करायचं असणार, वेळ कुठला!

लहानपणी आमच्या गल्लीत बहुरूपी यायचा. खाकी कपडे, कमरेला पट्टा, हातात छडी आणि तोंडात दरडावणी: तुमच्यावर वॉरंट आहे, चला. आम्ही पोरं घाबरायचो, आई पदरात तोंड लपवून हसायची. मग फौजदारसाहेब ओसरीवर बसून चहा प्यायचे, पसाभर ज्वारी झोळीत टाकून घ्यायचे आणि शेजारच्या घरी पुन्हा वॉरंट काढायचे. चहा पिताना टोपी मांडीवर असायची. तेवढा वेळ तो माणूस कोण होता, ते त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

पण मला पंचची ओळख खरी पटली ती सोलापुरात राहत असल्यामुळं. आमच्या गावात या धंद्याचं शिक्षण पाळण्यातच मिळतं. पूर्वभागात जा. पिढ्यान्‌पिढ्यांमागं तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची ही वस्ती. तिथं माझ्या ओळखीचे एक चादरींचे व्यापारी आहेत. त्यांच्या गादीवर अर्धा तास बसावं आणि तमाशा बघावा. आईचा फोन आला, तेलुगू. विजापूरचं गिऱ्हाईक आलं, कन्नड. हैदराबादच्या दलालाशी दखनी, आणि तीही अशी, की चारमिनारच्या सावलीत वाढल्यासारखी. कारकुनाला हिशेब सांगायचा, मराठी. तेवढ्यात हमाल चादरींचा गठ्ठा उंबऱ्यातच टाकतो आणि मालक ओरडतात, ‘‘काय करलालाव बे? वाटेत टाकलालाव की!’’ ही सोलापुरी. हिला कुठल्याच राज्यानं अजून आपलं म्हटलेलं नाही.

हेरकथांत हेर पकडला जातो तो मोजताना. बाकी सगळं पाठ करता येतं, आकडे मात्र आईच्याच भाषेत तोंडातून निघतात म्हणे. म्हणून मी एकदा लक्ष ठेवून बसलो. मालक चादरी मोजायला लागले: ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु. सापडले! एवढ्यात समोरच्या पेठेतले शेठ आत आले, मालकांनी मान वर केली, ‘‘या या, बसा,’’ म्हणाले आणि पुढं मोजलं ते ‘पाच, सहा, सात’. गठ्ठा बरोबर भरला. मी हात टेकले.

गावाच्या दैवताचीच ही तऱ्हा, तर माणसांचं काय! सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले शिवयोगी, त्यांची वचनं कन्नडमध्ये. एका कुंभारकन्येनं त्यांच्याशी लग्नाचा हट्ट धरला. योगी पडले पेचात. शेवटी म्हणाले, माझ्या योगदंडाशी लग्न लाव. दर वर्षी संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याच्या यात्रेत हेच लग्न लागतं. पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी उंचच उंच नंदीध्वज पेलत आणतात, संमती कट्ट्यावर संमती वाचली जाते, ‘दिड्डम’चा पुकारा झाला की अक्षता पडतात. अक्षता टाकणाऱ्यांत मराठी, कन्नड, तेलुगू सगळे. नवरदेव योगीही आहे आणि संसारीही, हजर आहे आणि नाहीही. याचा कुणाला त्रास झालेला मी पाहिला नाही. त्रास होतो तो गर्दीत चप्पल हरवल्याचा.

‘तुम्ही नेमके कुणाचे?’ हा प्रश्न आम्हाला विचारला जातो तो बाहेरून, आणि तोही सरकारी कागदावर. सीमावादावरच्या महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालानं अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडची गावं आजच्या कर्नाटकच्या रकान्यात टाकली. २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी, बोम्मईंनी, सोलापूर-अक्कलकोटची आठवण पुन्हा काढली. इकडं टीव्हीवर चर्चा तापल्या. त्या आठवड्यात मी अक्कलकोटच्या एसटीत होतो. माझ्या शेजारची आजी खिडकीतून कन्नडमध्ये कुणाला तरी निरोप सांगत होती, वाहकाशी मराठीत सुट्ट्या पैशांवरून भांडत होती, आणि दोन्हीकडं तिचंच बरोबर होतं.

तर, चादर. हेरापासून मी चादरीवर घसरलो असं वाटेल, पण सगळं घोडं इथंच येऊन अडतं. सोलापुरी चादर एकदा कोपऱ्यात धरून नीट बघा. एका अंगाला लाल जमिनीवर पांढरा मोर असेल, तर उलटून बघितल्यावर पांढऱ्या जमिनीवर लाल मोर दिसतो. तोच मोर, तोंड फिरवलेलं. सुटे धागे नाहीत, गाठी नाहीत, लाज वाटावी असं आतलं अंग नाही. कापडाला सुलट आणि उलट बाजू असतेच, या समजुतीला हिनं वर्षानुवर्षं चुना लावलेला आहे.

हे होतं कसं, ते मी एका कारखान्यात उभं राहून बघितलं. आवाज इतका, की मागवाले एकमेकांशी खुणांनी बोलतात. तिथं सहावी भाषा हाताची. मागावर ताणे दोन, समजा एक लाल, एक पांढरा. बाणेही दोन. लाल ताण्यात लाल बाणा जातो, त्याचं एक कापड होतं. पांढऱ्यात पांढरा जातो, त्याचं दुसरं. दोन्ही कापडं एकाच वेळी, एकाच मागावर, एकावर एक विणली जातात. वर लाल, खाली पांढरं. मग मोराची कड येते. तिथं मागावरचं जॅकार्ड नावाचं यंत्र खालचे पांढरे धागे उचलून वर घेतं आणि लाल धागे खाली जातात. मोर संपला की पुन्हा अदलाबदल.

मी तिथल्या जुन्या कारागिराला विचारलं, ‘‘ही दोन कापडं एकमेकांना चिकटतात कुठं?’’ तो माझ्याकडं दयेनं बघत म्हणाला, ‘‘जिथं पालटतात तिथंच की. पालटलंच न्हाई तर दोन पातळ फडकी निघतील. मधून हात घाला, आरपार.’’ असं म्हणून त्यानं मोराच्या पोटावर चिमूट धरली. पोटाच्या मधोमध दोन पदर खरोखर सुटे होते, बोटांत वेगवेगळे सरकले. कडेपाशी मात्र घट्ट. म्हणजे लाल ते कायम वर आणि पांढरं ते कायम खाली, असं निष्ठेनं राहिलं असतं, तर चादर झालीच नसती. धाग्यांनी पक्ष बदलले, ती प्रत्येक जागा टाक्याची.

पंचला हे सांगायला हवं, असं मला तिथंच वाटलं. तो त्या मागाचा नातू लागतो, हेही सांगायला हवं. कारण या जॅकार्डचं मूळ फ्रान्समधल्या ल्यों शहरात. जोसेफ मारी जॅकार्डनं १८०४ च्या सुमारास भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारी ही करामत बसवली. भोक असेल तिथं धागा उचलायचा, नसेल तिथं नाही. यंत्राला दिलेला हुकूम तो एवढाच. इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्रासाठी हीच पुठ्ठ्यांची युक्ती उचलायचं ठरवलं. जॅकार्डचं रेशमात विणलेलं एक चित्र त्याच्याकडं होतं. ते विणायला सुमारे २४ हजार पुठ्ठे लागले होते. पुढं १८९० च्या अमेरिकन जनगणनेत हॉलरिथ नावाच्या संशोधकानं भोकांच्या कार्डांवर माणसं मोजली आणि त्या वाटेनं गाडी संगणकापर्यंत आली, आणि संगणकामागून यंत्रमानव. पंचच्या डोक्यात ‘आज सज्जन, उद्या दुर्जन’ अशी जी अदलाबदल चालते, तिचे पुठ्ठे आमच्या अक्कलकोट रोडच्या कारखान्यांत कितीतरी वर्षं खटाखट फिरत होते. आता तिथंही कॉम्प्युटरवरचं जॅकार्ड येतंय आणि चादरीपेक्षा टॉवेलाला मागणी जास्त, ही वेगळी रड.

खरा डबल एजंट मात्र वेगळाच आहे. पानिपतकडं यंत्रावर झटपट विणलेल्या स्वस्त चादरी ‘सोलापुरी’ म्हणून देशभर विकल्या जातात. आमच्या चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, त्यामुळं कायद्यानं ते नाव परक्या मालाला लावता येत नाही. पण मानांकनाचा कागद फूटपाथवरच्या गठ्ठ्यापर्यंत चालत जात नाही. सोलापूरचं नाव पांघरून ही चादर दादरला, दिल्लीला लोकांच्या अंगावर बिनघोर झोपते. आपण मूळचे कुठले, असा प्रश्न तिला रात्री पडत नाही. पंचनं शिकवणी लावायची तर तिच्याकडं लावावी, पण मी शिफारस करणार नाही. तिला तोंड एकच, आणि तेही उसनं.

मध्यंतरी पुण्याच्या पाहुण्यांना द्यायला चादर घ्यावी म्हणून नव्या पेठेत गेलो. दुकानदारानं चार चादरी फडफडवून समोर टाकल्या. डोक्यात हे सगळं घोळत होतंच. म्हटलं, ‘‘यातली सरळ बाजू कुठली?’’

‘‘दोन्ही.’’

‘‘तरी पण? एखादी तर मूळची असेल.’’

त्यानं चादरीचा कोपरा शोधला, शिवलेलं लेबल अंगठ्यानं दाखवलं. ‘‘लेबल हाय ती सरळ धरा. घरी जाऊन लेबल उसवा, मग तुम्ही म्हणाल ती.’’ मागं गिऱ्हाईक खोळंबलं होतं. त्यानं एक पाय गादीखाली सोडला, मान तिरकी करून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, ‘‘ते सगळं राहू द्या साहेब, सिंगल दाखवू का डबल?’’