मघाचं मघा

माझा भाचा वाशीमला घरच्या माडीवर बसून पुण्याच्या कंपनीचं काम करतो. काम काय, तर दुसऱ्यांनी बांधलेल्या वेबसाइटी कुठं अडतात ते शोधायचं. तेही स्वतः नाही, सेलेनियम नावाच्या सॉफ्टवेअरकडून करवून घ्यायचं. हे नाव पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा सोयाबीनच्या पेरणीत गुंतलेले भाऊजी म्हणाले होते, "कृषी केंद्रावर भेटते काय थे?"

त्याचा सात जन्मांचा वैरी म्हणजे आपोआप रिफ्रेश होणारं पान. बाजारभावाचं एखादं पान दर तीस सेकंदांनी आपसूक पालटतं. स्क्रिप्टनं बटण शोधून हातात धरलेलं असतं, दाबायच्या आत पान नवं. बटण त्याच जागी, त्याच रंगाचं. पण हातातलं मेलेलं. की टेस्ट आडवी. या चुकीचं नाव 'स्टेल एलिमेंट'. 2018 मध्ये वेबड्रायव्हरचं, म्हणजे प्रोग्रामनं ब्राउझर चालवायच्या रीतीचं, मानक ठरलं त्यातही हेच नाव आहे, हे तो कुळाचार सांगावा तसं सांगतो. उपायही पाठ: "मघाचं मघा. जुनं गेलं का पाहाचं, मंग नवं शोधाचं."

फायरफॉक्समध्ये असं रिफ्रेश अडवायची सोय आहे. ती वापरणं म्हणजे याच्या लेखी कॉपी करून पास होणं. गिऱ्हाईक थोडंच अडवून बसणार आहे? नवशिकी पोरं तर कोडमध्ये सरळ 'दहा सेकंद झोप' लिहून मोकळी होतात. मग याचं टाळकं सरकतं. "पान दोन सेकंदात आलं तं आठ वाया, बाराव्याले आलं तं बोंबला!" हाच गडी सकाळी आईला "पाच मिनिटं" सांगून साडेनऊपर्यंत घोरतो, ते सोडा.

भाजीत मीठ पडलं का, हे विचारून हात धुवायला जाईल आणि येऊन पुन्हा विचारील. ताई वैतागते, "आत्ताच तं सांगतलं!"

"मघाचं मघा, आई."

उन्हाळ्यात रिसोडला लग्नाला निघालो. वाशीमच्या स्टँडवर एसटी लागली तसा मी खिडकीतून रुमाल टाकला. हा नुसता बघत होता. तेवढ्यात गाडी बदलल्याचं कळलं. शेजारी दुसरी लालपरी, तशीच. आत चढून मी माझ्या खिडकीपाशी बसलेल्या पागोटेवाल्याशी भांडायला लागलो, "रुमाल टाकला होता मी!"

"कोठी हाय रुमाल?"

रुमाल डेपोच्या वाटेला लागला होता. मागून शांत आवाज आला, "मामा, स्टेल एलिमेंट."

निम्म्या वाटेवर एक जण उठला. मी भाच्याला म्हटलं, बस पटकन.

"थांबा मामा, पह्यले त्याले पूर्ण उतरू द्या."

तो पूर्ण उतरला. तोवर सीटवर एक आजी, तिची पिशवी आणि नातू.