मार्कंडेयाची मुदतवाढ

मुदतवाढ मागून ती पदरात पाडून घेणारा पहिला विद्यार्थी आमच्या चामोर्शी तालुक्यातला. वय वर्षं सोळा. यम शेवटची तारीख घेऊन दारात उभा, पोरानं शंकराची पिंड घट्ट धरली आणि तारीख पुढे गेली. वैनगंगेच्या काठावर मार्कंड्याचं देऊळ आहे ते याच मुदतवाढीचं, असं आम्ही इकडचे लोक मानतो. महाशिवरात्रीला तिथे मोठी जत्रा भरते. शिष्यवृत्तीच्या पोर्टलला मुदतवाढ मिळते ती दरवर्षीच. तिची जत्रा सेवा केंद्रासमोर भरते.

मार्कंडेयाचं एक बरं होतं. पिंडीला मिठी मारताना त्याला कोणी विचारलं नाही, की बाळा, तुझा आधार बँकेला जोडलाय का?

आता आमचं कॅलेंडर बघा. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते. उत्पन्नाचा दाखला 31 मार्चला मरतो. निकाल मे महिन्यात लागतो, म्हणजे दाखला नवा काढायचा, आणि नेमका त्याच वेळी गावातला धडधाकट माणूस तेंदूपत्त्याला जंगलात गेलेला असतो. तो परत येतो तोवर तहसीलसमोर रांग लागलेली. प्रवेशाच्या फेऱ्या जून-जुलैत. तेव्हा इकडे रोवणा. धानाचे पऱ्हे बांधीत लागायचे ते त्याच पंधरा-वीस दिवसांत लागतात, त्यांना मुदतवाढ नसते. वेळापत्रक करणाऱ्या साहेबाला रोवणा ठाऊक असावा अशी अपेक्षा मी करत नाही. त्याच्या ताटात भात शिजूनच येतो.

मी मास्तरकीतून सुटलेला माणूस. रविवारी ओसरीवर बसून पोरापोरींचे फॉर्म भरून देतो. पैसे घेत नाही, म्हणून लोकांना सुरुवातीला शंका आली होती. गेल्या जुलैत आष्टीकडच्या एका खेड्यातली पोरगी बापासोबत आली. बारावीला अठ्ठ्याहत्तर टक्के. सगळे कागद खताच्या दुकानाच्या पिशवीत. नागपूरला बी.एस्सी. करायचं, एवढं तिचं ठरलेलं. बाकी काहीच ठरलेलं नव्हतं.

पहिली अडचण आडनावाची. आडनाव मडावी. गोंडांत पाच घरांआड एक घर मडाव्यांचं. पण गुणपत्रिकेत इंग्रजीतलं ‘व’ व्हीनं लिहिलेलं आणि आधारात डब्ल्यूनं. मराठीत एकच ‘व’, बोलताना एकच ‘व’, घरी जेवायला हाक मारतानाही एकच ‘व’. संगणकाच्या लेखी मात्र या दोन वेगळ्या मुली. एक बारावी पास झालेली आणि दुसरी बँकेत खातं असलेली. पास झालेलीला पैसे मिळू शकत नाहीत आणि खातंवाली पास झालेली नाही. निवाडा असा स्वच्छ!

दुसरी अडचण ओटीपीची. आधारला जोडलेला नंबर तिच्या थोरल्या भावाच्या फोनात, आणि भाऊ तेलंगणात सेंट्रिंगच्या कामावर. पोरगी फोन लावते, तो उचलत नाही. उचलतो तेव्हा स्लॅब चालू. “दादा, नंबर सांग ना गा लवकर.” दादा चौथ्या मजल्यावरून सहा आकडे ओरडून सांगतो. त्यातला एक मिक्सरच्या आवाजात जातो. पुन्हा पाठवा. दहा मिनिटांत ओटीपी मरतो. तेवढ्या वेळात त्या बिचाऱ्याची सिमेंटची पाटीही मरत असणार.

मग सेवा केंद्र. तिथे बापाचा अंगठा लावायचा. बाप सकाळी बांधीतून उठून आलेला, बोटं पाण्यानं पांढरी पडून सुरकुतलेली. यंत्रावर लाल दिवा. पुसून लावा. लाल. दुसरं बोट लावा. लाल. केंद्रातल्या पोरानं डोक्याच्या तेलाची युक्ती सांगितली, तीही झाली. दहाही बोटं संपली तेव्हा बाप माझ्याकडे बघून म्हणाला, “मास्तर, धान लावाले हेच हात चालते जी. फारमालेच काहून चालत नाई?”

मला उत्तर सुचलं नाही. सदर लिहिणाऱ्या माणसाला उत्तर न सुचणं ही मोठी नामुष्की असते, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

पण हे सगळं किरकोळ. खरा पहाड पुढे आहे, त्याचं नाव जातवैधता. जातीचा दाखला असून भागत नाही. तो खरा आहे, याचा दाखला लागतो. अनुसूचित जमातीसाठी महत्त्वाची तारीख 6 सप्टेंबर 1950. त्याच्या आधीचा पुरावा आणा. आजोबाच्या शाळेचा दाखला सगळ्यात उत्तम. आजोबा शाळेत गेला नव्हता. गावात शाळाच नव्हती, आणि त्या काळात ती नव्हती म्हणूनच तर या योजना निघाल्या! ज्याला शाळा मिळाली नाही त्याच्या नातीनं, त्याला शाळा मिळाली होती असा कागद आणला, की तिला शाळा मिळणार.

मग कोतवाल बुकाची नक्कल शोधायची. ती निघाली तर तिच्यावर काय असतं? 1950 साली आमचा हा मुलूख मध्य प्रदेशात, चांदा जिल्ह्यात. 1956 ला मुंबई राज्यात गेला, 1960 ला महाराष्ट्रात आला. चांद्याचं चंद्रपूर झालं. 26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपूर फोडून गडचिरोली जिल्हा झाला. म्हणजे कागदावर आजोबा मध्य प्रदेशचा, बाप चंद्रपूर जिल्ह्याचा आणि पोरगी गडचिरोली जिल्ह्याची. तिघं जन्मले एकाच घरात. मोहाचं झाडही तेच. कोणी कुठे हललं नाही, सरकारच फिरत राहिलं. स्थलांतराचा खुलासा मात्र द्यायचा पोरीनं.

याउलट सुरजागडच्या पहाडातल्या लोखंडाची मजा बघा. आमच्याच रस्त्यांवरून ते ट्रकच्या ट्रक भरून बाहेर जातं. त्याला कोणी अधिवास विचारत नाही, की तुझा आजोबा कुठल्या पहाडातला होता असंही विचारत नाही. जिल्ह्यातून बाहेर पडायचं तर पोरांनी लोखंड होऊन जावं.

आता कोणी म्हणेल, सरकार काहीच करत नाही असं तुम्ही सुचवता. छे! सरकार फार करतं. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती 1944 पासून आहे, म्हणजे स्वातंत्र्यापेक्षा वयानं मोठी. जुलै 2024 मध्ये राज्यानं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. चांगलं केलं. मुद्रांकाची गोष्टही ऐका. ऑक्टोबर 2024 मध्ये शंभराचा स्टॅम्प पाचशेचा झाला, आणि मार्च 2025 मध्ये महसूलमंत्र्यांनी सांगितलं, की विद्यार्थ्यांना दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प लागणारच नाही. हेही चांगलंच. आधी घाव घालायचा आणि मग मलम फुकट वाटायचं, तरी मलम ते मलमच.

आणि रक्कम? अनुसूचित जमातीच्या पोरांसाठी केंद्राच्या योजनेत 2010 साली निर्वाहभत्ता ठरला. घरून ये-जा करणाऱ्या अकरावी-बारावीच्या पोराला महिना 230 रुपये आणि साध्या पदवीला 300. वर्षाचे दहा महिने धरतात. या पैशांसाठी बाप चार दिवस तालुक्याला आला, की चार दिवसांची रोवण्याची मजुरी बुडाली. वर एसटीचं भाडं, झेरॉक्स, फोटो, चहा. हिशेब केला तर शिष्यवृत्ती बापच सरकारला देतो, असा आकडा निघतो. मी तो हिशेब बापासमोर करत नाही. तो उठून जाईल.

वसतिगृहात नंबर लागला नाही, तर राहण्याजेवणाचे पैसे थेट खात्यावर देणारी आणखी एक योजना आहे, पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची. तिचं पुढचं नाव ‘स्वयम्’. इतकं प्रामाणिक नाव मी सरकारी कागदावर दुसरं पाहिलेलं नाही. खोली स्वयम् शोधा, घरमालकाकडून करारनामा स्वयम् मिळवा, फॉर्म स्वयम् भरा, त्रुटी निघाली तर ती स्वयम् ओळखा.

मार्गदर्शन मिळत नाही असंही नाही बरं का. उलट फार मिळतं. जून उजाडला की दुचाकीवरून गुरुजन खेड्यात उतरतात. कुठल्या कुठल्या कॉलेजांचे. वर्गात पट भरला नाही तर तुकडी जाते, आणि तुकडीबरोबर नोकरी. म्हणून बिचारे घरोघरी समुपदेशन करतात. “आमच्याकडे टाका, हजेरीचं बघून घेऊ.” पोरीला गणित आवडतं हे ऐकून घ्यायला त्यांना सवड नसते. त्यांच्या रकान्यात मानसशास्त्राच्या अकरा जागा रिकाम्या असतात. एका गुरुजीनं माझ्याच ओसरीवर बसून माझ्याच चहाबरोबर माझी एक विद्यार्थिनी पळवली. टीसी काढून घेतली आणि गेले. वर्षभरानं पोरगी भेटली. शिष्यवृत्ती आलेली नव्हती, कारण तिचा अर्ज कॉलेजच्या लॉगिनमध्ये पडून होता. पुढे पाठवायचं बटण कोणी दाबलेलं नव्हतं. पट मोजून झाल्यावर पोरीची गरज संपली होती.

अशा वेळी मला केळुसकर गुरुजी आठवतात. कृष्णराव अर्जुन केळुसकर, मुंबईच्या विल्सन हायस्कुलातले मास्तर. बागेत एकटा वाचत बसणारा एक पोरगा त्यांनी हेरला. पोरगा 1907 मध्ये मॅट्रिक झाला तेव्हा सत्काराला जाऊन स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला दिलं. पुढे इंटरनंतर घरचे पैसे संपले, तेव्हा त्याला घेऊन ते सयाजीराव महाराजांसमोर उभे राहिले. महाराजांनी दोन-चार प्रश्न विचारले आणि महिना 25 रुपये मंजूर केले. पोर्टल नाही, ओटीपी नाही. 1913 साली तो पोरगा बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेला. त्याचं नाव सांगायची गरज नाही, आमच्याकडे चौकाचौकात आहे.

आपण सयाजीरावांचं कौतुक करतो, आणि ते करायलाच हवं. पैसे देणारे महाराज आज आहेत, सरकार नावाचे. पोरगाही आहे. पण पोराला हाताला धरून दारापर्यंत नेणारा जो मधला मास्तर, त्याचं पद कुठल्याच आकृतिबंधात नाही. ते पद आम्ही नेट कॅफेतल्या पोराला दिलंय, फॉर्ममागे शंभर रुपये दरानं. तो पत्त्याच्या रकान्यात स्वतःचा मोबाईल नंबर टाकतो आणि पासवर्ड स्वतःच्या वहीत ठेवतो. दुकान बंद पडलं की पाच गावांच्या शिष्यवृत्त्या त्या वहीबरोबर रद्दीत.

माणूस सोबत दिला की काय होतं, ते आमच्या शेजारच्या जिल्ह्यानं दाखवलंय. मे 2018 मध्ये चंद्रपूरच्या आश्रमशाळांतल्या पाच आदिवासी पोरांनी एव्हरेस्ट गाठलं. ‘मिशन शौर्य’. शिकवणारे सोबत, वाट दाखवणारे शेर्पा सोबत, पाठीला प्राणवायू. आश्रमशाळेतलं पोर 8,848 मीटर चढू शकतं हे आदिवासी विकास विभागानं स्वतः सिद्ध केलं. त्याच आश्रमशाळेतल्या पोराला बारावीनंतर वसतिगृहाचा अर्ज करायला आपण एकटं पाठवतो, विनाशेर्पा. कुठे अडकला ते कळतही नाही, कारण तिथे वरून हेलिकॉप्टर फिरत नाही.

तिकडे यवतमाळात बुलढाण्याच्या राजू केंद्रे नावाच्या तरुणानं 2017 साली ‘एकलव्य’ उभं केलं. घरात पहिल्यांदाच कॉलेजला जाणाऱ्या पोरांना बसवून घेऊन चांगल्या विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षा, अर्ज, मुलाखती यांची तयारी करून घ्यायची, एवढंच काम. 2021 मध्ये केंद्रे स्वतः चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकायला गेले. म्हणजे वाट आधी इतरांना दाखवली आणि मग स्वतः चालले. (आमच्याकडे बहुधा उलटं होतं. माणूस वर पोचला की शिडी घरी आणून माळ्यावर ठेवतो आणि रविवारी तिच्यावर व्याख्यान देतो.)

त्या पोरीचं काय झालं, हे विचारणार तुम्ही. डब्ल्यूचा व्ही व्हायला आधार केंद्रात दोन फेऱ्या झाल्या. बापाचा अंगठा चौथ्या दिवशी उठला. पाऊस उघडला होता, बोटं वाळली होती. तोवर नागपूरची यादी बंद झालेली. ती आता गडचिरोलीत बी.एस्सी. करते, मैत्रिणींबरोबर खोली करून राहते. जातवैधतेची फाईल समितीत आहे. गेल्या महिन्यात आली होती, स्वतःसाठी नाही, गावातल्या दोन पोरींना घेऊन. त्यांचे अर्ज तिनंच भरले, मी नुसता चष्मा लावून बसलो होतो. दोघींच्या आडनावांची इंग्रजी स्पेलिंगं तिनं सगळ्यात आधी तपासली.

यंदाही रविवारी सकाळी दहापासून ओसरी उघडी आहे. मूळ कागद आणा, गुणपत्रिका आणि आधार शेजारी ठेवून नावाची अक्षरं घरीच एकदा मोजून या. रोवण्यातून आलात तर बोटं चांगली वाळू द्या, घाई नाही. आणि ज्याच्या फोनवर ओटीपी येतो तो माणूस तेलंगणात असेल, तर त्याला त्या दिवशी दुपारपर्यंत स्लॅबवरून खाली थांबायला सांगा.