पाच गावरान आणि एक कडकनाथ

(मळवली. आषाढ. लोहगड सकाळपासून ढगात. साहेब बँकेतून निवृत्त होऊन इथल्या बंगल्यात राहायला आलेले. मावशी कुंपणापलीकडच्या, जन्मापासून इथंच असल्यामुळं त्यांच्या निवृत्तीचा प्रश्न कुणी काढलेला नाही.)

साहेब: मावशी, जरा येता का? खुराड्यात खून होतोय.

मावशी: कुनाचा?

साहेब: नव्या कोंबडीचा. बिचारी कोपऱ्यात तोंड घालून उभी आहे आणि पाचही जणी पाळीपाळीनं टोचून जातायत.

मावशी: पाळीपाळीनं म्हंजे शिस्तीत चाललंय. कुठली आनली?

साहेब: कडकनाथ. मूळची झाबुआकडची जात. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय तिला.

मावशी: (जाळीतून डोकावत) अगं बया, काळी! उतारा टाकायला आनली व्हय?

साहेब: पिसं काळी, कातडी काळी, मांससुद्धा काळं असतं तिचं.

मावशी: आन् अंडं?

साहेब: अंडं साधंच. बदामी.

मावशी: मंग यवढा काळोख कशापायी?

साहेब: अहो, धोनीनं २०२० साली ह्याच जातीची दोन हजार पिल्लं मागवली होती!

मावशी: दोन हजार. आन् तुमी?

साहेब: एक.

मावशी: तितंच गंडलं. दोन हजारांत नवी कोन आन् जुनी कोन? एकटी आनली की समदा मार एकटीच्या अंगाव. दोघी-तिघी आनल्या तर वाटला जातो.

साहेब: जास्त घ्यायची हिंमत झाली नाही. २०१९चा इस्लामपूरचा कडकनाथ घोटाळा आठवतोय ना? लोकांनी पैसे गुंतवून पक्षी घेतले आणि अंडी विकत घ्यायचा शब्द देणारेच फिरले.

मावशी: ब्यांकेतला मानूस. कोंबडी एक, इचार धा.

साहेब: बाकी हे टोचणं शास्त्रात नोंदलेलं आहे बरं का. नॉर्वेत थॉर्लीफ शेल्डरुप-एब्ब नावाचे एक गृहस्थ होते. लहानपणापासून कोंबड्यांपुढं बसायचे आणि कोण कुणाला टोचते ते वहीत टिपायचे. १९२२ साली त्यांनी त्यावर जर्मनमध्ये निबंध छापला.

मावशी: घरचे काय म्हनत नव्हते?

साहेब: त्यांना दिसलं, की कळपात पायऱ्या असतात. पहिली सगळ्यांना टोचते. दुसरी पहिलीला सोडून बाकीच्यांना. असं करत शेवटची, तिनं फक्त खायचं. कधीकधी मात्र त्रांगडं होतं. पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला, आणि तिसरी उलटून पहिलीला.

मावशी: ही तर आमची ग्रामपंचायत झाली. त्यो मानूस मावळात येऊन गेलता का?

(साहेबांना उत्तर सुचत नाही. वहीत मात्र ते काहीतरी लिहितात. असे लोक लिहितातच.)

मावशी: ते ऱ्हाऊ द्या. आनल्या आनल्या आत सोडली का?

साहेब: छे! तीन आठवडे पाहुण्यांच्या बाथरूममध्ये वेगळी ठेवली. मानमोडीची भीती. विकत आणलेली कोंबडी वरून ठणठणीत दिसते, आणि रोग पोटात घेऊन येते. लस दिल्याचं विकणाऱ्यानं सांगितलं, तरी मी थांबलो.

मावशी: (पहिल्यांदाच गंभीर होऊन) हे ब्येस केलं. आमच्या सासूबाईंनी कामशेतच्या बाजारातनं एक लाल कोंबडी आनली, सांजच्याला बाकीच्यांत सोडली. आठ दिसांत माना पिळवटून समदं खुराडं रिकामं. पार उंबऱ्यापातुर शेवटची आली आन् तितं पडली.

साहेब: मग मी एवढं सांभाळूनही हे का व्हावं?

मावशी: बाथरूममधनं भाईर कवा काढली?

साहेब: आज सकाळी. इंद्रायणीच्या कण्या टाकल्या, सगळ्या जमल्या, म्हटलं आता ओळख करून द्यावी.

मावशी: पंगतीत! लोनावळा लोकलमधी नवी बाई दारात उभी ऱ्हायली तर कुनी काय म्हनत न्हाई. पयल्याच दिवशी कुनाच्या रोजच्या शिटाव बसली तर तळेगावापातुर जीव जातो तिचा.

साहेब: मग करायचं काय?

मावशी: आधी भाईर काढा. त्यांच्याच अंगनात जाळी लावून पल्याड ठेवा. आठ-धा दिस एकमेकींना दिसू द्या, चोच लागू देऊ नका. मंग एका राती, अंधार पडला की, हळूच नेऊन दांडीव बसवा. रातची कोंबडी आंधळी.

साहेब: म्हणजे सकाळी उठल्यावर त्यांना वाटेल, ही आपल्यातलीच?

मावशी: येड्या हायत का त्या? सकाळी टोचनारच. पन उठल्या उठल्या पोटाची घाई असती, दार उघडलं की समद्या भाईर पळत्यात. पळायला जागा असली की मार कमी. तुमी म्हूर्त काढला आषाढातला. पाऊस धरलाय, कोंबड्या दिसभर आत. ह्या पावसात मानसं बी घरात भांडत्यात.

साहेब: मी छत्री घेऊन आत उभा राहिलो तर? लक्ष ठेवायला?

मावशी: तुमी मधी पडला की भांडन तेवढ्यापुरतं थांबतं. तुमी हालला की पयल्यापास्नं. त्यापरीस खान्याची दोन भांडी ठेवा, लांब लांब. एका भांड्याची राखन करता येती, दोन्हींची न्हाई. आन् फळकूट तिरकं लावा, मागं दडायला. दोन्ही तोंडं उघडी पायजेत. न्हाईतर दडली तितंच कोंडली.

साहेब: (लिहीत) दोन्ही तोंडं उघडी. आणि ती तांबडी? तीच मुख्य आरोपी आहे. तिला काही शिक्षा?

मावशी: रगत काढलंय का? पिसं बाजूला सारून बघा. काळ्याव लाल दिसत न्हाई, आन् एकदा रगत लागलं की बाकीच्या थांबत न्हाईत.

साहेब: (बघून) रक्त नाही. दोन पिसं गेलीत.

मावशी: मंग ते टोचनं न्हवं, नाव-गाव इचारनं हाय. रगत काढलं तर काळीला एका बाजूला घेऊन हळद लावा, आन् तांबडीला उचला. चार दिस डालग्याखाली. परत आली की तिची चाल उतरलेली असती.

साहेब: म्हणजे सेवाज्येष्ठता गेली!

मावशी: ते तुमचं तुमी बघा. कोंबडा काय म्हनतोय?

साहेब: एक पंख खाली सोडून तिच्याभोवती गोल फिरतोय.

मावशी: त्यो फिरनारच. त्याला मातूर सांभाळा. गटारी जवळ आली, बंगल्यांव पाव्हने यायला लागले. त्यो एकवीरेला बोललेला न्हाई ना?

साहेब: नाही हो!

मावशी: कुनी इचारलं तर बोललेला हाय म्हनून सांगा. देवीच्या कोंबड्याला सहसा हात लावत न्हाईत. बरं, आता काळीच्या जोडीचं बघा. माझ्याकडं दोन तलंगा हायत, तिच्याच अंगापिंडाच्या. म्हैन्याभरात अंड्याव येतील. तिघींची आधी गट्टी जमू द्या, मंग तिघींना मिळून आत घाला.

साहेब: केवढ्याला?

मावशी: सातशेला एक.

साहेब: कडकनाथ सहाशेला आणली मी!

मावशी: ती टोचून घेती. ह्या घेनार न्हाईत.

साहेब: बरं, दोन्ही द्या. पण आधी तीन आठवडे बाथरूममध्ये.

मावशी: माझ्या कोंबड्या? कोंडून?

साहेब: लाल कोंबडीची गोष्ट मघाशी कुणी सांगितली?

मावशी: ती बाजारातली व्हती.

साहेब: तिच्या मालकिणीनंही सासूबाईंना सांगितलंच असेल, की घरची कोंबडी आहे.

(मावशी लोहगडाकडं बघतात. तिकडं लोहगड नाही, ढग आहे. तरी बऱ्याच वेळ बघतात.)

मावशी: ठेवा तीन आठवडे. दानापानी तुमचं.

साहेब: मान्य.

मावशी: आन् पैशे आत्ता.

साहेब: पैसे तीन आठवड्यांनी, कोंबड्या धडधाकट निघाल्यावर. तोवर त्या तुमच्याच.

मावशी: मंग तितं घातलेली अंडी माझी.

साहेब: दाणे माझे, बाथरूम माझं, आणि अंडी...

मावशी: कोंबडी कुनाची?