तिसरी पिन शोभेची

जयपूरला नोकरीसाठी गेलेला मराठी माणूस पहिल्या महिन्यात हवामहाल बघतो, दुसऱ्यात प्याज की कचोरीची सवय लावून घेतो आणि तिसऱ्यात घरमालकाला फोन करतो : चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपवर हात ठेवला की झिणझिण्या येतात. मालवीयनगर असो वा मानसरोवर, उत्तर ठरलेलं असतं. "पिछले किराएदार ने तो कभी नहीं कहा."

आधीचा भाडेकरू बहुधा रबरी चपला घालून काम करायचा. सध्याच्या भाडेकरूलाही लॅपटॉपला प्लास्टिकचं कव्हर घे, पायाखाली सतरंजी टाक, मनगटातलं कडं काढ, असे सल्ले मिळतात. एका ज्येष्ठ शेजाऱ्यांच्या मते दोष शरीरातल्या उष्णतेचा आहे. भिंतीतल्या सॉकेटवर संशय घेणं मात्र शिष्टाचारात बसत नाही.

खरं तर झिणझिण्या नियमाप्रमाणेच येतात. अ‍ॅडॉप्टरमध्ये २३० व्होल्टची बाजू आणि लॅपटॉपची बाजू यांच्यामध्ये एक चिमुकला कपॅसिटर मुद्दाम बसवलेला असतो. रेडिओ-टीव्हीत खरखर होऊ नये म्हणून तो लागतो, आणि त्यातून किंचित करंट पलीकडे झिरपतो. दोन पिनांच्या अ‍ॅडॉप्टरला ही गळती पाव मिलिअँपिअरपर्यंत माफ आहे. त्यामुळे कंपनी म्हणते, सगळं ठीक आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या कवचावरून बोट अलगद फिरवलं की पृष्ठभाग थरथरल्यासारखा वाटतो, टेस्टर लावला की त्यातला दिवा मिणमिणतो, तरी सगळं ठीकच असतं.

पण अ‍ॅडॉप्टर तीन पिनांचा असूनही झिणझिण्या आल्या तर? एवढीशी गळती गिळायला अर्थिंग चांगलं असण्याचीही गरज नसते, कसंबसं असलं तरी भागतं. म्हणजे बहुधा भिंतीतल्या त्या जाड, लांब पिनेच्या मागे अर्थिंगची तारच पोचलेली नाही. लॅपटॉप हा घरात येणारा एकमेव वीज निरीक्षक, जो चहा घेत नाही, पाकीट घेत नाही आणि रोज तपासणी करतो. त्याचा अहवाल वाचायचा सोडून आपण त्याला कव्हर घालतो.

अर्थिंगसाठी लागतं काय? जमिनीत खड्डा, धातूची पट्टी किंवा पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, आणि अधूनमधून पाणी. आयएस ३०४३ या भारतीय मानकात हे सगळं लिहून ठेवलंय. सांभर सरोवर, म्हणजे देशातलं सर्वांत मोठं खाऱ्या पाण्याचं अंतर्देशीय सरोवर, जयपूरहून गाडीने दोनेक तासांवर. मिठाची सबब तरी इथे चालू नये. राहिलं पाणी. मे महिन्यात, पारा पंचेचाळीसला टेकला असताना, मालक तुळशीला पाणी घालतात, गाडी धुतात, दारासमोरचा रस्ताही शिंपतात. अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी घाला म्हटलं, तर भाडेकरूचं डोकं उन्हाने फिरलंय असं त्यांना वाटतं. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात जंतरमंतरची यंत्रं उभारली, ती सगळी जमिनीत पक्की रोवून. या शहरात त्यानंतर एवढ्या मनापासून जमिनीला काही जोडलं गेल्याचं ऐकिवात नाही.

लॅपटॉपपुरतं हे हसण्यावारी नेता येतं, कूलरच्या बाबतीत नाही. पत्र्याची पेटी, आत पाणी आणि पंप, आणि दमट खसला टेकलेला हात. त्यातून कूलर आणि लॅपटॉप एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर असले, बोर्डाचं अर्थिंग पुढे कुठेच गेलेलं नसलं, तर कूलरची गळती लॅपटॉपच्या अंगावर येऊ शकते. ती काही पाव मिलिअँपिअरची मर्यादा पाळत नाही. देशात विजेच्या धक्क्याने वर्षाला १०,०००हून जास्त माणसं मरतात. त्यांच्यापैकी कितीजणांना आधी "थोड़ा-थोड़ा तो आता ही है" असं सांगण्यात आलं होतं, याची नोंद कुणी ठेवत नाही.

फारच तगादा लावला की मिस्त्री येतो. तो खड्डा खणत नाही. त्याच्याकडे पाच मिनिटांचा उपाय असतो. सॉकेट उघडून न्यूट्रल आणि अर्थ या दोन टोकांना तारेचा एक तुकडा जोडतो आणि झाकण लावतो. झिणझिण्या बंद! टेस्टरचा दिवाही विझतो. मालक खूश, भाडेकरू खूश, मिस्त्री दोनशे रुपये खिशात घालून शेजारच्या घरी. आता बाहेरची न्यूट्रलची तार तेवढी तुटता कामा नये. ती तुटली, की घरात चालू असलेल्या पंख्या-दिव्यांतून वीज त्या तुकड्यावाटे थेट फ्रिज, गीझर आणि कूलरच्या पत्र्यावर येते, आणि तीही पाव मिलिअँपिअर नव्हे. पण तार काय रोज तुटते? संक्रांतीला सगळं जयपूर गच्चीवर असतं, खांबाखांबावर मांजा गुंडाळलेला असतो आणि अडकलेला पतंग सोडवायला पोरं लांब बांबूने तारा खेचत असतात, तेवढा एक दिवस सोडला तर.